नऊ पन्नास, दहा दहा

सकाळी साडेनऊला आम्ही सातजण उभ्यानेच जमतो. काल काय झालं, आज काय करायचं, कुठे अडलं, एवढंच प्रत्येकाने सांगायचं. बसलं की बोलणं लांबतं, म्हणून उभ्याने. त्या मंगळवारी प्रज्वलची पाळी आली. तो मागच्या जूनमध्ये कॉलेज संपवून आमच्या कंपनीत लागलेला, बोलताना अजून दोन्ही हात पाठीमागे बांधतो. तो म्हणाला, "तारखांचा भाग काल संध्याकाळी पूर्ण करून मी घरी गेलो होतो. आज उघडला तर तो माझा नव्हता." मी म्हणाले, "मी थोडं नीट केलंय. दोन ठिकाणी चुकत होतं." "हो मॅडम. चांगलं झालंय," तो म्हणाला. "फक्त माझं नाही." मग त्याच्या शेजारचीने तिचं सांगितलं, आणि आम्ही आपापल्या जागेवर गेलो. त्याच्या आवाजात तक्रार नव्हती, म्हणूनच ते वाक्य कुठे ठेवावं ते मला कळेना. ठाण्याच्या या सहाव्या मजल्यावर मी पाच वर्षं काम करते आहे. हाताखालच्या मुलांचं काम ती घरी गेल्यावर मुकाट्याने सरळ करून ठेवायचं ही माझी जुनी सवय. कोणाला बोलायचं नाही, कोणाला खाली पाहायला लावायचं नाही. लोक मला शांत बाई म्हणतात. दुपारी डबा खाताना मी त्याला सहज विचारावं तसं विचारलं, "तुला कितव्या मिनिटाला कळलं रे?" तो हसला. "मिनिट कसलं मॅडम, पहिल्याच ओळीला. आपलं आपल्याला कळतं ना." त्याने डब्याचं झाकण लावलं आणि हात धुवायला गेला. माझ्या बोटांना लोणच्याचं तेल लागलेलं होतं, आणि ते कशाला पुसायचं हे मला काही केल्या आठवेना. पहिल्याच ओळीला. म्हणजे चंद्रकलेलाही कळलं असणार.

ही गोष्ट मी आठ वर्षं चुकीच्या खणात ठेवली होती. फेब्रुवारी दोन हजार एक. शहापूरच्या कॉलेजात बीएस्सीचं शेवटचं वर्ष. विषय गणित, आणि जोडीला संगणकाचा एक पेपर, त्याला प्रोजेक्ट. लॅबमध्ये सहा संगणक होते, त्यातले चार चालत. सरांनी चार-चारजणांचे गट पाडले आणि प्रत्येक गटाला एक संगणक आठ दिवसांसाठी दिला, दहा ते चार. आठव्या दिवशी चारला जे चालेल ते परीक्षकांपुढे ठेवायचं. चप्पल बाहेर काढून आत जायचं असा नियम होता, आणि त्या गार फरशीचा तळव्यांना होणारा स्पर्श मला अजून आठवतो. खिडक्यांच्या पडद्यांचा वास, पंखा बंद पडला की एकदम ऐकू येणारं संगणकांचं घुमणं, आणि वीज गेली की अर्ध्या लॅबमधून एकाच वेळी निघणारा 'गेलं' हा शब्द. गेलं म्हणजे खरंच गेलं, साठवून न ठेवलेलं सगळं. मग आम्ही वह्या उघडून कागदावर लिहीत बसायचो. नोकरीच्या प्रत्येक मुलाखतीत कोणी ना कोणी विचारायचं, एकत्र मिळून काम केल्याचा एखादा अनुभव सांगा. मी दर वेळी हे आठ दिवस सांगत आले. खोटं एक अक्षर सांगितलं नाही. फक्त सहावा दिवस वगळून सांगितलं.

गटात आम्ही चौघं. आटगावचा रविंद्र, त्याचं तोंड बंद नसायचं, डोळखांबच्या पुढे डोंगराच्या कुशीतल्या पाड्यावरून येणारा कान्हा, शेणव्याची चंद्रकला, आणि मी, सापगावची अनिता. विषय रविंद्रने सुचवला. आम्ही चौघंही एसटीवर अवलंबून, आणि एसटी कधी येईल हे फक्त एसटीलाच ठाऊक. "आपण असा प्रोग्राम करू," तो म्हणाला, "गावाचं नाव टाकलं की पुढची गाडी कुठली, कुठं बदलायची, बदलताना किती वेळ थांबायचं, सगळं दिसलं पायजे." "आणि ती येनारच नसली तर?" कान्हाने विचारलं. "तर प्रोग्रामला वाटंल येतेय. आपल्याला पन तसंच वाटतं ना रे." कामं वाटून घेतली. कान्हाने स्टँडस्टँडवर जाऊन वेळा लिहून आणायच्या. शहापूर, शेणवा, किन्हवली, मुरबाड. तो फळ्यावरची वेळ एका रकान्यात लिही आणि गाडी खरोखर आली ती वेळ दुसऱ्या रकान्यात. दुसरा रकाना पाहून आम्ही पोट धरून हसायचो. रविंद्रकडे पडद्यावर काय दिसेल ते. माझ्याकडे सगळ्या गाड्यांचे तक्ते आणि शेवटी चौघांचं जोडून घेणं. आणि चंद्रकलेकडे हिशेब: एक गाडी पोचते कधी, दुसरी सुटते कधी, मधे थांबायचं किती, आणि त्यावरून कोणती वाट बरी. सर म्हणाले होते, "प्रत्येकाने आपला भाग आपण लिहायचा. तोंडी परीक्षा ज्याची त्याची वेगळी. एकाच्या भागात दुसऱ्याचा हात दिसला, तर चौघांचा प्रोजेक्ट रद्द." ते आम्ही ऐकलं, आणि जे आधीपासून येत होतं तेच केलं.

आधीपासून येत होती ती आवणी. आमच्याकडे भाताची रोपं लावायला आवणी म्हणतात. आज तुमच्या शेतात सगळ्याजणी, उद्या आमच्या. बाया एका रांगेत वाकून उभ्या राहतात, प्रत्येकीपुढे हातभर रुंदीची तिची पात, आणि लावत लावत सगळ्या एकदम मागे सरकतात. एखादी संथ असली की दोन्ही बाजूच्या पुढे निघून जातात आणि ती मधे एकटीच उरते. उजवीकडे लावलेलं, डावीकडे लावलेलं, मधे ती आणि तिचा चिखल. याला म्हणायचं कोंडली. कोंडलेल्या बाईला दिवसभर टोमणे. तिच्या माहेरापर्यंत जातात. म्हणून चांगल्या घरची बाई काय करते, तर शेजारीण मागे पडतेय असं दिसलं की आपली पात लावता लावता हात लांब करून तिच्या पातीत रोपांचे चार चूड लावून टाकते. बोलत नाही. तिच्याकडे पाहतही नाही. जिच्या पातीत लावलं तीही बोलत नाही, उद्या तीच दुसरीच्या पातीत लावते. माझ्या आईचा हात असा सारखा दोन्हीकडे जायचा, आणि मी नवव्या वर्षापासून तिच्या शेजारी उभी राहून ते पाहत आले. शिकले म्हणावं असं काही नाही. तो हात माझ्या हातात आपोआप आला.

चंद्रकला संथ होती. मंद नव्हती, संथ. पुस्तकातलं वाक्य ती बोट ठेवून वाची आणि पटलं नाही की बोट तिथेच ठेवून बसे. "हे असं का गो?" तिचा हा प्रश्न दिवसातून दहा वेळा यायचा, आणि मला उत्तर माहीत असूनही सांगायला वेळ लागायचा, कारण माहीत असणं वेगळं आणि तिला पटेल असं सांगणं वेगळं. ती डब्यात वालाचं बिरडं आणायची. तांदळाच्या भाकरीचे चार तुकडे करून आधी आम्हा तिघांपुढे ठेवायची आणि मग स्वतः घ्यायची. कॉलेजच्या मागे शिरीषाची झाडं होती, शेंगा वाळून वाऱ्यावर खुळखुळायच्या. तिथे बसून आम्ही जेवायचो. कान्हा खिशातून बोरं काढायचा. चौथ्या दिवशी पहिल्यांदा माझे तक्ते आणि रविंद्रचा पडदा जुळले, आणि काळ्या पडद्यावर पांढऱ्या अक्षरात 'सापगाव' उमटलं. मी माझ्या गावाचं नाव त्याआधी फक्त मैलाच्या दगडावर आणि रेशनकार्डावर पाहिलं होतं. रविंद्रने दोन्ही हातांनी टेबल वाजवलं, सर रागावले, आणि कान्हा इतक्या हळू आवाजात म्हणाला की फक्त मलाच ऐकू आलं, "आमचा पाडा टाक ना." पाड्याला एसटी जात नव्हती. तरी मी टाकलं. पडद्यावर आलं, गाडी नाही. तो खूश झाला. "बरोबर हाय," म्हणाला. त्यानंतर मी मोठमोठ्या कामांवर राहिले, परदेशातल्या लोकांसाठी राहिले; इतकं नेमकं उत्तर पुन्हा कधी दिल्याचं आठवत नाही.

सहाव्या दिवशी सकाळी चंद्रकलेचा भाग पूर्ण झाला. बाकीचे आम्ही तिच्यासाठीच थांबलो होतो. रविंद्र दारातून आत येता येता म्हणाला, "चंद्रे, तुझी पात मागं रायली गो. कोंडशील." तो गमतीने म्हणाला, सगळे हसले, चंद्रकलाही हसली, पण तिचे कान लाल झाले होते आणि पुढचा तासभर ते लाल राहिले. साडेबाराला सगळे जेवायला निघाले. मी म्हटलं, एक ओळ राहिलीये, आलेच. खरंतर तिला गंमत दाखवायची म्हणून मी तिचं गाव टाकून पाहणार होते. शेणवा ते मुरबाड. शेणव्याहून निघालेली गाडी किन्हवलीला नऊ पन्नासला पोचते, मुरबाडची गाडी तिथून दहा दहाला सुटते. मधे वीस मिनिटं. प्रोग्रामने सांगितलं, साठ मिनिटं थांबा. आणि थांबणं एवढं लांब म्हणून त्याने दुसरी वाट सुचवली: उलटं शहापूरला जा आणि तिथून मुरबाड गाठा. मी दोनदा पाहिलं. मग तिचा भाग उघडला. नऊ पन्नास तिने नऊ पूर्णांक पन्नास धरलं होतं आणि दहा दहा दहा पूर्णांक दहा. एकातून एक वजा, आले साठ. दोन्ही वेळांत तासाचा आकडा एकच असला की बरोबर येत होतं, तो बदलला की चुकत होतं. बाकी तिचं लिहिणं जरा लांबट, पण स्वच्छ होतं. प्रत्येक पायरीच्या वर तिने आपल्या मोडक्या इंग्रजीत एक ओळ लिहून ठेवली होती, आपण हे का करतोय त्याची.

खिडकीतून शिरीषाखालची तिघं दिसत होती. मी हाक मारू शकले असते. मी हाक मारली असती तर ती आली असती, बोट ठेवून बसली असती, 'असं का गो' म्हणाली असती, आणि रविंद्रनेही विचारलं असतं काय चुकलं. हे मी स्वतःला पुष्कळदा सांगत आले, आणि ते खरं आहे. तिचे लाल कान मला पुन्हा पाहायचे नव्हते. पण मोजमाप करायचंच तर पूर्ण करावं. मला भूक लागली होती, दोन दिवस उरले होते, आणि मला ते माझ्या पद्धतीने लिहायचं होतं. प्रत्येक वेळेची आधी मिनिटं करायची, तासाला साठने गुणायचं, मग वजाबाकी. नवं लिहायला लागले तेव्हा मला तिचं तेवढं एकच ठिकाण बदलावंसं वाटलं नाही. मी सगळंच काढलं. तिच्या चाळीस ओळींच्या जागी माझ्या अठरा ओळी बसल्या. पंचवीस मिनिटं लागली. सगळ्यात वर तिचं नाव होतं ते तसंच ठेवलं. तो त्या वेळी मला माझा मोठेपणा वाटला होता. मग चप्पल घालून शिरीषाखाली गेले. चंद्रकलेने माझ्या वाटणीचं बिरडं झाकणात काढून ठेवलं होतं. "गार झालं गो," ती म्हणाली. मी ते खाल्लं. चांगलं झालं होतं.

जोडणं आणि छापणं दोन्ही माझ्याकडे, म्हणून पुढचे दोन दिवस तिचा भाग दुसऱ्या कोणी उघडला नाही. परीक्षक बाहेरून आलेले, पन्नाशीचे, बोलायला मऊ. आम्ही मागच्या बाकावर आणि ज्याची पाळी तो पुढे, संगणकाजवळच्या खुर्चीत. प्रोग्राम एकदाही अडखळला नाही. मला त्यांनी चार प्रश्न विचारले, मी चारही सांगितले. मग चंद्रकला. तिच्या भागाचा छापील कागद त्यांनी तिच्यापुढे धरला आणि पेनाचं टोक एका आकड्यावर ठेवलं. "हे साठ कशासाठी?" मला मागून तिची वेणी आणि एक कान दिसत होता. ती कागदाकडे पाहत राहिली. पंख्याने कागदाचा कोपरा उचलला जायचा आणि ती तो अंगठ्याने दाबून धरायची. "सांगा ना, घाबरू नका," ते म्हणाले. "सांगता येत नाही, सर." "तुम्हीच लिहिलंय ना?" यावर ती मान वळवून मागे बघेल असं मला वाटलं. तिने मान वळवली नाही. "हो," ती म्हणाली. एवढंच. आम्ही तिघं चांगल्या गुणांनी पास झालो, ती त्या परीक्षेत नापास झाली. ऑक्टोबरला पुन्हा बसता आलं असतं, ती बसली नाही. मे महिन्यात तिचं लग्न झालं. परीक्षकांना पाहून चंद्रकला गांगरली, असं रविंद्र म्हणाला. कान्हाही म्हणाला. मीही म्हणाले, आणि म्हणता म्हणता ते मलाच खरं वाटायला लागलं. गांगरली. आठ वर्षं तो खण मी उघडला नव्हता, आणि एका मंगळवारी एक मुलगा डब्याचं झाकण लावता लावता म्हणाला, पहिल्याच ओळीला. गांगरलेलं माणूस 'हो' म्हणताना इतकं स्पष्ट म्हणत नाही.

चंद्रकला मुरबाडला असते, शिवणकाम करते, हे मला रविंद्रकडून कळलेलं होतं. शनिवारी मी कल्याणहून एसटी धरली. काय सांगायचं त्याचं एक वाक्य तयार केलं, रायते येईपर्यंत ते घोकलं, आणि नदीचा पूल ओलांडल्यावर ते मोडून दुसरं केलं. बाजाराच्या मागच्या गल्लीत तिचं दुकान सापडलं. दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली. दोन मशिनं, भिंतीला दोरीवर लटकवलेले ब्लाऊज, प्रत्येकाला टाचणीने लावलेली चिठ्ठी. तिने चष्म्यावरून पाहिलं. "अने?" म्हणाली. जणू मी कालच येऊन गेले होते. "चप्पल आत घे, कुत्रा नेतो. बस. जाडी झालीस गो." "ठाण्याचं पाणी." "पानी नाय, खुर्ची." तिने गॅसवर चहा ठेवला, बशीत खारी काढली, मुलगी शाळेत गेलीये, नवरा कंपनीत पाळीला गेलाय, सगळं सांगितलं, आणि सांगता सांगता एका बाहीची शिलाई उसवत राहिली. मी दोन्ही वाक्यं विसरले. "चंद्रे, तुझा भाग मी बदलला होता," मी म्हणाले. "तुम्ही जेवायला गेलात तेव्हा."

तिने धागा दातांनी तोडला. "मायती हाय."

"कोणी सांगितलं?"

"कोन सांगील? कागद पुढ्यात व्हता ना. साठाचा आकडा मी कुठं लिवलाच नवता." बाही तिने मांडीवर सरळ केली. "तूच असनार. रव्याला येवढा येत नवता, नि कान्हा दुसऱ्याच्या वस्तूला हात लावनारा नवं."

"मग बोलली का नाहीस?"

"काय बोलू? सर काय म्हनालेते? चौघांचा जाईल. कान्हा पाड्यावरना दोन तास चालत येयाचा, मग एसटी. त्याचा जाऊ देऊ?" तिने माझं नाव घेतलं नाही, आणि ते तिने मुद्दाम गाळलं असंही वाटलं नाही. चहा उतू जायला लागला, तिने उठून तो खाली केला आणि गाळता गाळता पाठमोरीच बोलत राहिली. "मला येकच वाटलं. माझा येवढा भंगार व्हता का, का सगळाच काढून टाकलास. चुकला म्हनून दाखवायच्या पन लायकीचा नवता. तू कदी कोनाला तोंडावर वाईट बोलत नाय, म्हनून मुकाट फेकलास. मग मीच म्हनलं, आपल्याला हे डोकं नाय. बाबा म्हनाले ऑक्टोबरला बस. मी म्हनलं, नको." कप तिने माझ्यापुढे ठेवला. "बरं झालं तसं. शिवन चांगली येते मला."

मी कप उचलला नाही. आणि मला समजलं की मी क्षमा मागायला आले होते ती एका वेगळ्याच गोष्टीची. "भंगार नव्हतं," मी म्हणाले. "एकाच ठिकाणी चुकलं होतं."

"येकाच?"

"एकाच. बाकीचं बरोबर होतं. मी बाकीचंही काढलं, कारण... मला माझ्या पद्धतीने हवं होतं."

तिने कात्री खाली ठेवली. "कुठं चुकलं?" कापड बेतायचा खाकी कागद टेबलावर पसरलेला होता. मी शिंप्याचा खडू घेऊन त्यावर नऊ पन्नास लिहिलं, त्याखाली दहा दहा, आणि बोलायला तोंड उघडलं. "थांब," ती म्हणाली. "सांगू नको." तिने आकड्यांवर बोट ठेवलं. तेच बोट. दुसऱ्या हाताने गळ्यातल्या टेपशी चाळा चालला होता. मी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं, सवयीने. सेकंदकाटा एक फेरा पूर्ण करायच्या आत ती म्हणाली, "साठ आले असतील. मी पॉइंट धरून वजा केले ना?" आणि टेप माझ्यापुढे धरली. "ह्याच्यावर बग. इंचात आठ घरं. साडेतीन इंच लिवायचा तर मी तीन-चार लिवते. तीन इंच नि चार घरं. नवी पोरगी येते ती पॉइंट चार समजून कापते, मग बाही बसत नाय. तासाचं पन तसंच. दहाचं घर नवं ते, साठाचं." टेप तिने सोडली. "येवढंच?"

"एवढंच."

"येवढंच व्हता." हे तिने मला सांगितलं नाही. दोरीवरच्या ब्लाऊजांकडे पाहत ती म्हणाली. गल्लीतून कोणीतरी बर्फाची गाडी ओढत नेत होतं, तिचा खडखडाट लांबपर्यंत ऐकू येत राहिला. मी म्हणाले, "तुला माझा राग आला असेल." "तेवा नाय आला. तेवा लाज आली." तिने चष्मा काढून पदराला पुसला. "राग आता येतोय." मग एक बाई माप द्यायला आली आणि चंद्रकला उठली. तिच्या हातात टेप भराभर फिरत होती. एक शब्द न चुकता ती आकडे म्हणत होती आणि वहीत लिहीत होती. बाईला म्हणाली, मावशे, खांदा सरळ धर, फोटो काढत नाय मी. मला वाटलं, निघावं. माझं काम झालं होतं, म्हणजे मी ज्याला काम समजत होते ते. पण मी इतकी वर्षं अशाच वेळी उठून निघत आले आहे. काम सरळ करायचं आणि माणूस यायच्या आत निघायचं. मी बसून राहिले. चहावर साय धरली होती, ती मी प्यायले.

बाई गेल्यावर ती टेबलापाशी आली आणि उभ्यानेच कागदाकडे पाहू लागली. "तू काय लिवलंवतंस? तुझ्या अठरा ओळीत?" अठरा हा आकडा मी तिला सांगितलेला नव्हता. मी खडूने लिहून दाखवलं: तास गुणिले साठ, अधिक मिनिटं. सुटणाऱ्या गाडीच्या मिनिटांतून पोचणाऱ्या गाडीची मिनिटं वजा. सहाशे दहा वजा पाचशे नव्वद. वीस. तिने मान हलवली. बोट त्या वजाबाकीच्या खुणेवर ठेवलं आणि तिथेच राहू दिलं. "आनि मुक्कामाची गाडी?" तिने विचारलं. मुक्कामाची गाडी म्हणजे संध्याकाळची शेवटची, ती रात्री गावातच राहते आणि सकाळी तीच पहिली होऊन निघते. "डोळखांबला रातच्याला आठ चाळीसला उतरलीस, पुढं जायचं तर सकाळी साडेपाचची. कान्हा दर आयतवारी तशीच जायचा यायचा. तुझ्यात किती थांबायचं येतं?"

मी मनातच करायला गेले आणि मग कागदावर केलं, कारण मनातल्यावर माझा विश्वास बसला नाही. वीस चाळीस म्हणजे बाराशे चाळीस. पाच तीस म्हणजे तीनशे तीस. तीनशे तीसमधून बाराशे चाळीस गेले. आठ वर्षांत हे कोणी पाहिलं नव्हतं, परीक्षकांनी नाही, मी नाही. माझं तर चुकत नाही. "वजा नऊशे दहा," मी म्हणाले.

"म्हंजी गाडी यायच्या आदी पंदरा तास जाऊन बसायचं," चंद्रकला म्हणाली, आणि हसली. पूर्वी शिरीषाखाली हसायची तशी नाही, जरा वेगळी. पण राग तसाच ठेवून ती हसली, आणि मलाही हसू आलं. मी खडू तिच्यापुढे धरला. तिने घेतला नाही. दुसऱ्या मशिनजवळचं स्टूल पायाने ओढून ती माझ्या बाजूला येऊन बसली. तिच्या अंगाला स्टार्चचा वास येत होता. "लिव तूच," ती म्हणाली. "मी सांगते."

मी वजा नऊशे दहाच्या खाली खडू टेकवला आणि थांबले. काय करायचं ते मला माहीत होतं. ती बोट ठेवून बसली होती, आणि ती बोलेपर्यंत मला काहीच करायचं नव्हतं.

"येक दिवस मिळव," ती म्हणाली.